चारशे दहा ग्रॅम

कूलरच्या मागे, वाळ्याच्या ओल्या ताटीखाली
सापडली ती मे महिन्यात.
पारा सेहेचाळीसवर, त्रिमूर्ती नगरात
चपला डांबराला चिकटत होत्या.
बाबांनी वाटीभर दूध ठेवलं,
कारण मांजर म्हणजे दूध,
हे पहिलीच्या पुस्तकापासून ठरलेलं.
तिने वाटी चाटून पुसली
आणि रात्रभर पायपुसण्यावर
त्या दुधाचा हिशेब मांडला.

सेमिनरी हिल्सच्या जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टर उईकेंनी तिला काट्यावर ठेवलं.
चारशे दहा.
"काय देता?"
दूध-पोळी, मी म्हणाले. वरणभात.
"तूप घालून," बाबांनी भर टाकली.
डॉक्टर हसले नाहीत.
"काकाजी, ही तुमच्या पंगतीतली नव्हे.
हिचं शरीर मांसावरच चालते.
त्यातलं एक द्रव्य हिला पुरेसं बनवता येत नाही.
ते नाही मिळालं
तर डोळे जातात, हृदय दमते.
गाईचं दूध बंद करा. कांदा-लसूण तर
चुकूनही नको."

आमचं घर महानुभावी.
अंड्याचं टरफलही
उंबरठा ओलांडून कधी आत आलेलं नाही.
ऑटोत बाबा गप्प होते.
लॉ कॉलेज चौकात एवढंच म्हणाले,
"डोळे जातात म्हणाला ना तो?"

धरमपेठेतल्या दुकानात
पुड्यांवर चमकदार मांजरी, सगळ्या गुबगुबीत.
भूजल खात्यात छत्तीस वर्षं
विहिरींचे अहवाल वाचलेल्या माणसाने
खिशातून भिंग काढलं, पुडी उलटी केली.
"पुढचं चित्र कशाला बघतेस?
मागे पहिला शब्द काय, ते बघ.
मका आहे. ठेव.
यात कोंबडी पहिली. पण ही मोठ्यांची,
पिल्लांची वेगळी मागा."
दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून ऐकत राहिला.

मंगळवारी बाजारात मी पहिल्यांदाच गेले.
नाकाला ओढणी लावू की नको, कळेना.
पार्वता मांढरे कोयत्यावर खवले काढत होती.
"सावजी करता का साधं?"
मांजरीसाठी, मी म्हणाले.
तिचा हात थांबला.
"मंग तेल नोका टाकू, मीठबी नोका.
उकडा, काटे येचा, मंग द्या.
शिजलेलं हाड तं बिलकुल नोका देऊ बाई,
नरड्यात अडकते.
अन् रोज मासोळी नोका देऊ,
लाडावते मंग."
वर दोन बोटं कलेजी फुकट दिली.
"हे आठवड्यात एकदाच. नखाएवढं."

आता गॅलरीत एक वेगळी शेगडी आहे,
लाल दोरा बांधलेलं पातेलं,
आणि पदार्थाला नाव नाही.
आमच्याकडे त्याला फक्त 'तिचं' म्हणतात.
तिचं शिजलं का? तिचं निवलं का?
बाबा पाठ करून उभे राहतात,
गुलमोहराकडे बघत
शिट्ट्या मोजतात.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं.
दोन बाजूंना पाण्याच्या दोन वाट्या,
कारण ती पाणी पिते फार कमी.
पुडीतलं किती, शिजवलेलं किती,
सगळं त्यांच्या जुन्या फील्डबुकात,
जिथे आधी खोली आणि क्षार लिहायचे.
तिचा घास ग्रॅमवर मोजतात
आणि शुगर असताना
संत्रा बर्फी डोळ्यांच्या अंदाजाने.
मी बोलले तर म्हणतात,
"माझं वाढीचं वय गेलं."

पहिल्यांदा तिला हाताने भरवलं
तेव्हा तीनदा साबण लावला होता.
जूनमध्ये दोनदा.
हल्ली मी बघत नाही.

ऑगस्टात एक किलो सहाशे चाळीस.
केस तुळतुळीत, डोळे दोन्ही शाबूत,
अंधारात फ्रिजवरून आमच्यावर नजर.
काल तिने पालीची शेपटी
अजून वळवळणारी
बाबांच्या पायाशी आणून ठेवली
आणि बाजूला बसून राहिली,
त्यांनी सुरुवात करण्याची वाट बघत.
बाबा खूप वेळ खाली बघत होते.
मग म्हणाले,
"वही आण. याचं वजन किती धरायचं?"